ज्वालामुखीवर चढायचंय? कोकणातल्या ट्रेकवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

चिपळूण, खेड, दापोली, रत्नागिरीकडची मंडळी हल्ली बालीला जातात आणि तिकिटं काढून झाली की मग आठवतं की अरे तिकडे ज्वालामुखीवर पण चढता येतं म्हणे, आणि सुरू होतात फोन. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, मासे घेताना, कुठेही गाठून विचारतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उत्तरं मुख्यतः बालीतल्या माउंट बातूर या ज्वालामुखीची आहेत कारण नव्वद टक्के लोक तिथेच जातात, बाकीच्या डोंगरांचं खाली थोडक्यात आहे.

वर गेल्यावर लाल लाल लाव्हा दिसतो का?

नाही ओ. बातूरवर विवराच्या कडेला फटींतून वाफ येते, जमीन काही ठिकाणी हाताला गरम लागते, बस. शेवटचा उद्रेक २००० साली झाला होता, त्यानंतर शांत आहे. लाव्हा बघायचाच असेल तर गार झालेला, काळाकुट्ट, डोंगराच्या पायथ्याशी मैलभर पसरलेला दिसतो, तो बराचसा १९६३ च्या उद्रेकाचा. सकाळी उतरताना उजेडात बघा, रात्री चढताना त्यातलं काही कळत नाही.

मग जिवंत आहे की मेलेला?

जिवंत. १९२६ साली याच बातूरने पायथ्याचं गाव गाडलं, मग लोकांनी गाव आणि देऊळ दोन्ही वर काठावर नेऊन वसवलं. तुम्ही बातूरसमोरच्या किंतामणीला ज्या काठावर उभे राहून फोटो काढता तो खरं म्हणजे एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीच्या खळग्याचा काठ आहे, साधारण तेरा बाय दहा किलोमीटरचा. जमिनीखालचा मालमसाला स्फोटात बाहेर पडला आणि वरचा डोंगर आत बसला, असा तो खळगा झाला. त्याच्या आत तळं, तळ्याच्या बाजूला आताचा बातूर, आणि आतच गावं, शेती, कांद्याचे वाफे सगळं. लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहतायत, त्यामुळे डोंगराचा मूड त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपला सह्याद्री पण ज्वालामुखीचाच ना, मग पैसे घालवून तिकडे कशाला जायचं?

सह्याद्रीचा दगड लाव्ह्याचाच आहे, बरोबर. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे बातूरसारखे शंकूच्या आकाराचे डोंगर फुटले नव्हते, जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला. कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते हे थर. आणि आपला जांभा म्हणजे याच काळ्या दगडावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झेलून जे झालं ते. आपल्याकडे शंकू नाही, विवर नाही, वाफ नाही. तिकडे तुम्ही चालू कारखान्यात जाताय. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पण उन्हवऱ्याला, तुरळला, राजापूरला गरम पाणी आहे की! म्हणजे खाली ज्वालामुखी असेलच.

हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि मला तो आवडतो. नाही, खाली ज्वालामुखी नाही. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी ही कुंडांची ओळच आहे, जमिनीतल्या खोल भेगांतून पावसाचं पाणी खाली जातं, खोलीवरच्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. बातूरच्या पायथ्याशी तोया बुंगकाहला पण गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथली उष्णता मात्र खरोखरच ज्वालामुखीची. ट्रेक झाल्यावर तिथे पाय बुडवून बसा, गुडघ्यांना बरं वाटतं.

गाईड घ्यायलाच लागतो का? आम्ही रसाळगड-सुमारगड-महिपतगड केलेत.

घ्यायलाच लागतो. बातूरवर स्थानिक गाईडांची संघटना आहे, पायथ्याशी त्यांची माणसं असतात आणि गाईडशिवाय दिसलात तर अडवतात, वाद होतात. बरेच लोक म्हणतात ही दादागिरी आहे, वाट मळलेली आहे, मोबाईलमध्ये मॅप आहे, मग कशाला. वाट मळलेली आहे हे खरंच. पण मला विचाराल तर वाट दाखवायला गाईड हा मुद्दाच चुकीचा आहे.

सुमारगडाला आपण वाटाड्या का घेतो? कारण वाट चुकते, रानात शिरतो, आडव्या वाटेला घसरतो. तिथला धोका जागेवर बसलेला असतो, काल होता तिथेच आज आहे. ज्वालामुखीचं तसं नाही. काल ज्या कडेवर माणसं बसून अंडी खात होती तिथे आज गॅस येत असेल, वाऱ्याची दिशा फिरली असेल, कडेचा भाग भुसभुशीत होऊन तडा गेला असेल. हे मॅपमध्ये कुठून दिसणार? आठवड्यातून चार-पाच वेळा वर जाणाऱ्या माणसालाच ते कळतं. म्हणून गाईडला पैसे देताय ते तो "आज इथपर्यंतच" किंवा "चला, खाली" म्हणेल त्यासाठी. तो म्हणाला परत फिरा की फिरायचं, एवढं जमणार नसेल तर जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्या लोकांना हेच जमत नाही, "इतक्या लांबून आलोय, पैसे भरलेत" हे सुरू होतं.

उगाच घाबरवताय का?

दोन उदाहरणं सांगतो. २७ सप्टेंबर २०१४, जपानचा ओंताके डोंगर, शनिवार, दुपारची बाराची वेळ, शिखरावर गर्दी. धोक्याची पातळी सगळ्यात खालची, म्हणजे कागदोपत्री सगळं नॉर्मल. आतलं पाणी तापून वाफेचा स्फोट झाला आणि मेलेले आणि बेपत्ता मिळून ६३ माणसं गेली. असा वाफेचा स्फोट लाव्हा वर न येताच होतो, त्यामुळे आधी इशारा मिळेलच असं नाही.

दुसरं, डिसेंबर २०२३, सुमात्राचा मारापी. तिथे धोक्याची पातळी चारपैकी दोन होती आणि सरकारच्या ज्वालामुखी खात्याने सांगून ठेवलं होतं की विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका. तरी चढाईचे परवाने दिले जात होते, पोरं वर गेली, उद्रेक झाला, २४ जण गेले. म्हणजे परवाना मिळाला याचा अर्थ सेफ आहे असा होत नाही. धोक्याची पातळी आणि किती लांब राहायचं, हे दोन्ही स्वतः बघायचं.

स्वतः कसं बघायचं? आम्हाला त्यातलं काय कळतं?

कळण्यासारखंच आहे. इंडोनेशियात चार पातळ्या आहेत: एक नॉर्मल, दोन वास्पादा म्हणजे सावध, तीन सियागा म्हणजे तयारीत राहा, चार आवास म्हणजे पळा. मॅग्मा इंडोनेशिया नावाची सरकारी साईट आहे, तिथे प्रत्येक डोंगराची आजची पातळी आणि किती किलोमीटरच्या आत जायचं नाही ते दिलेलं असतं. जायच्या आदल्या संध्याकाळी बघा. एक नंबर असेल तर गाईडच्या भरवशावर जा, दोन असेल तर अंतराची अट वाचा आणि ट्रेकची वाट त्या अटीत बसते का ते बघा, तीन-चार असेल तर हॉटेलवर झोपा. एजंट कितीही म्हणू दे "नो प्रॉब्लेम सर".

चांगला गाईड ओळखायचा कसा?

बुक करताना व्हॉट्सॲपवर त्याला हे विचारा: एका गाईडमागे किती लोक, ढग किंवा पाऊस आला तर काय करता, मधेच कोणाला जमलं नाही तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार. चार-पाच जणांमागे एक गाईड असेल तर ठीक. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं तो माणूस कामाचा, ज्याच्याकडून फक्त सूर्योदयाचे फोटो येतात त्याला सोडा.

आणि वाटेवर बघा तो कोणाकडे बघून चालतोय. चांगला गाईड ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाच्या चालीने चालतो. त्याचं इंग्रजी मोडकं असेल, आपलं कुठे फार चांगलं आहे, चालून जातं. बऱ्याच पोरांना आपले हिंदी सिनेमे माहीत असतात, गप्पांना तेवढं पुरतं.

कधी जायचं?

कोकणातल्या माणसासाठी ही एकदम मस्त गोष्ट आहे, आपला पावसाळा तो त्यांचा उन्हाळा. एप्रिल ते ऑक्टोबर तिकडे कोरडं असतं, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. म्हणजे आपण इकडे जुलैत चिखलात असताना तिकडे आकाश मोकळं. शेतीवाले लावणी उरकून जाऊ शकतात, फक्त गणपतीच्या आत परत या म्हणजे घरात वाद नकोत. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बहुतेकदा पावसात सापडतात. मार्चमध्ये जात असाल तर न्येपी, म्हणजे त्यांचा मौनाचा सण, कधी आहे ते बघा, त्या दिवशी अख्खं बाली बंद असतं, विमानतळसुद्धा, हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही.

अजून एक, पावसाळ्यात निघताना कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, हायवेला दरड आली की गेलं. फ्लाईटच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

कितीला निघायचं? रात्रीच का चढतात?

बालीतल्या उबुद गावाला राहत असाल तर गाडी रात्री दोनच्या सुमाराला न्यायला येते, चारच्या आसपास चढायला सुरुवात, दोन तास चढ, सहा-सव्वासहाला सूर्य. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशोबाने रात्री साडेअकराला उठवलं जातं, त्यामुळे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेक ठेवू नका. रात्री चढायचं कारण सूर्योदय, आणि दुसरं म्हणजे दिवस वर आला की ढग भरतात आणि काळ्या दगडावर ऊन चांगलंच तापतं. मोकळं असेल तर समोर तळं, मागे अबांग डोंगर, त्यामागे अगुंग ज्वालामुखी आणि समुद्रापलीकडे लोंबोक बेटावरचा रिंजानी पण दिसतो. गर्दी असते हां, सीझनला टॉर्चची रांग लागते. एकांत हवा असेल तर बातूर तुमच्यासाठी नाही.

कितपत कठीण आहे? तयारी काय करायची?

बातूर १७१७ मीटर, आपलं कळसूबाई १६४६, पण गाडी हजार मीटरच्या वर सोडते त्यामुळे खरा चढ सहाशे-सातशे मीटरचाच. रायगड पायऱ्यांनी न थांबता चढता येत असेल तर बातूर येईल. फरक आहे तो पायाखाली. आपल्याला जांभ्याची आणि कातळाची सवय, खरखरीत असतो, बूट धरून ठेवतो. तिथे वरच्या टप्प्यात सगळा घसारा, सुटी काळी खडी आणि राख, दोन पावलं टाकली की एक मागे येतं. चढताना दम जातो आणि उतरताना माणसं आपटतात, जास्त लोक उतरतानाच पडतात. उतरताना गुडघे किंचित वाकवून, टाच आधी रोवून, छोटी पावलं. जायच्या आधी महिनाभर दर रविवारी महिपतगडासारखं काहीतरी करा, वाडी बेलदारकडून गेलात तर वाटाड्या घ्या, तेवढीच त्याच्याही हाताला कमाई. जिममध्ये ट्रेडमिलवर पळून घसाऱ्याची तयारी होत नाही.

आई-बाबांना नेऊ का?

गुडघे दुखत असतील तर चढायला नको. जीप मिळते, ती पहाटे समोरच्या उंचवट्यावर नेते, सूर्योदय दिसतो, मग काळ्या लाव्ह्याच्या मैदानात फिरवते. बाबांना कमीपणा वाटेल, त्यांना सांगा फोटो जीपवाल्यांचेच चांगले येतात, आणि ते खोटं पण नाही.

थंडी असते का?

असते, आणि कोकणातल्या माणसाला जरा जास्तच लागते. हजार मीटर वर गेलं की साधारण सहा-साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे खाली पंचवीस असेल तर वर चौदा-पंधरा, त्यात वारा, त्यात घामाने भिजलेला टीशर्ट. कोरडा टीशर्ट सॅकमध्ये ठेवा आणि वर पोचल्या पोचल्या बदला. एक जाकीट, वारा अडवणारं. घोट्यापर्यंतचे बूट, सँडल अजिबात नको, खडी आत जाते. हेडटॉर्च स्वतःची न्या, भाड्याच्या टॉर्चचे सेल अर्ध्या वाटेत बसतात. पाणी माणशी दीड लिटर.

वासाचा त्रास होतो का? दमा असेल तर?

बातूरवर वास किरकोळ. दमा असेल तर डॉक्टरला विचारूनच, आणि पंप खिशात, सॅकच्या तळाशी नव्हे. एक गैरसमज मात्र काढून टाका, कोविडमधले एन-९५ मास्क राखेला चालतात, गॅसला नाही, गॅस सरळ आरपार येतो. जावातल्या इजेन ज्वालामुखीसारख्या ठिकाणी गंधकाचा धूर असतो तिथे फिल्टरवाला गॅस मास्क लागतो, तो तिथे भाड्याने मिळतो. काँटॅक्ट लेन्सवाल्यांनी चष्मा लावावा.

आणि खोलगट जागेत, खड्ड्यात वारा नको म्हणून बसायला जाऊ नका. कार्बन डायऑक्साईड हवेपेक्षा जड असतो, खळग्यात साचतो, वास नाही रंग नाही. जावामध्ये दिएंगला १९७९ साली असाच गॅस सुटला आणि पळून जाणारी जवळजवळ दीडशे माणसं वाटेतच मेली. गाईड एखाद्या ठिकाणी थांबू देत नसेल तर का म्हणून हुज्जत घालू नका.

आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय?

वर नाश्ता मिळतो, केळ्याचं सँडविच आणि वाफेवर उकडलेली अंडी, अंडं नको असेल तर आदल्या दिवशी सांगा. घरून मेतकूट-पोह्याचा चिवडा, खजूर नेला तर उत्तम. माकडं आहेत वर, पिशवी उघडी ठेवली की गेली. खाली आल्यावर किंतामणीची कॉफी प्या, संत्र्याच्या झाडांमध्ये कॉफी लावतात तिकडे.

गाईड वाटेत फुलं ठेवून हात जोडतो, आपण काय करायचं?

आपण पण जोडायचे. बालीचे लोक हिंदू आहेत, डोंगर त्यांचा देव आहे, नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं-तांदूळ-उदबत्ती ठेवून परवानगी मागितल्यासारखं करतात. आपल्याकडे शिकारीला, लावणीला, नवीन होडी पाण्यात लोटायला आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात ना, अगदी तेच. त्यावर पाय पडू देऊ नका. देवळात जायचं तर कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, लागतं. पाळी असताना देवळात येऊ नका अशा पाट्या असतात, डोंगर चढायला त्याचा संबंध नाही, पण वाटेतल्या देवळाच्या आवारात शिरू नका म्हणजे झालं.

परदेशी लोकांनी तिथल्या पवित्र डोंगरांवर कपडे काढून फोटो काढले, त्याचा राग येऊन २०२३ मध्ये बालीच्या गव्हर्नरने सगळे २२ डोंगर पर्यटकांना बंद करायचं जाहीर केलं होतं. तसं प्रत्यक्षात झालं नाही, पण त्यात गाईडांचं पोट गेलं असतं. तेवढं भान ठेवा.

व्हिसा आणि खर्च?

भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवस. आकडा ऐकून घाबरू नका, आपले पावणेतीन हजारांच्या आसपास होतात, रेट बदलतो तसं थोडं मागेपुढे. बालीचा वेगळा पर्यटक कर दीड लाख रुपिया. पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा हवा. ट्रेकचा भाव ग्रुप केवढा आणि गाडी कुठून यावर ठरतो, तीन-चार ठिकाणी विचारा पण सगळ्यात स्वस्त घेऊ नका, कारण दलालाने कापून कापून शेवटी कापलेला असतो तो गाईडचाच वाटा. टिप द्या, आणि त्याच्या हातात द्या, ड्रायव्हरकडे नको.

इन्शुरन्स?

काढा, आणि बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसीत ट्रेकिंगला वेगळं ॲडव्हेंचर कव्हर लागतं आणि उंचीची मर्यादा असते. राखेमुळे विमानं रद्द झाली तर काय, हेही विचारा. २०१७ ला अगुंगच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला होता.

बातूर झाला, आता पुढे काय? रिंजानी, अगुंग, इजेन?

अगुंग ३१४२ मीटर, रात्रभर चढ, सरळ अंगावर येणारा. १९६३ ला याने हजाराहून जास्त माणसं घेतली. त्याच्या उतारावरच्या बेसाकी देवळाच्या मोठ्या उत्सवांच्या वेळी चढाई बंद असते. रिंजानी ३७२६ मीटर, दोन-तीन दिवस, तंबू, हमाल, शेवटचा घसारा जीव काढतो, पावसाळ्यात साधारण जानेवारी ते मार्च वाटा बंद. २०१८ च्या भूकंपात तिथे शेकडो ट्रेकर अडकले होते. दरवर्षी सह्याद्रीत रेंज ट्रेक करत नसाल तर रिंजानीचा विचार करू नका.

इजेन चढायला सोपा, पण गॅसमुळे वेगळाच. तो जावामध्ये आहे, बालीहून फेरीबोटीने जायचं, पलीकडे घड्याळ एक तास मागे होतं, गाईडची वेळ ठरवताना कुठली वेळ ते विचारा. रात्री निळ्या ज्वाळा दिसतात, जळणाऱ्या गंधकाच्या. आणि त्याच वाटेवर सत्तर-सत्तर किलो गंधक खांद्यावर घेऊन माणसं विवरातून वर येतात. त्यांना वाट द्या, आधी बाजूला व्हा, मग फोटोचं बघा, तेही विचारून.

भारतातच ज्वालामुखी नाही का?

आहे, अंदमानला बॅरन बेट, १९९१ पासून परत अधूनमधून धुमसतोय. पण उतरता येत नाही, बोटीतून लांबून बघायचं.

गाईडसाठी इकडून काय न्यायचं? आंबे नेले तर?

ताजी फळं क्वारंटाईनच्या कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावर हापूसची पेटी काढून घेतली तर रडू येईल. फणसपोळी, आंबापोळी सीलबंद पाकिटातली न्या आणि विचारलं तर डिक्लेअर करा. फणस त्यांच्याकडेही होतो, पण ते कोवळ्याची भाजी जास्त करतात, पोळी बघून चेहरा बघण्यासारखा होतो.